भरती ही पाखरांची रात्र

कोकणच्या किनाऱ्यावर थंडीत पाखरं बघायला निघायचं तर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघावी. दुर्बीण, टोपी, पाण्याची बाटली हे सगळं मागाहून. रविवार आहे की बुधवार, याला पाखरांच्या लेखी काही किंमत नाही. द्वादशी आहे की पंचमी, याला आहे. लांबून हौसेने आलेली माणसं दिवस सोयीचा बघून भल्या सकाळी पुळणीवर उतरतात. समोर नजर पोचेपर्यंत ओला, रिकामा पट्टा, पार टोकाला काही ठिपके हलताना दिसतात. ‘आता इथे पक्षी राहिले नाहीत’ असं म्हणत ती परत फिरतात. पक्षी असतात. ते त्या वेळी पाण्याच्या काठाला, लांब, पोट भरण्यात गुंतलेले असतात.

चिखल्या, तुतवार, टिलवे, कर्ल्यू, गॉडविट या पाणकाठच्या पाखरांचा दिवस सूर्यावर चालत नाही. ओहोटीने खाडीचा चिखल आणि ओली वाळू उघडी पडली की यांचा दिवस उजाडतो, मग बाहेर दुपार असो नाहीतर मध्यरात्र. चिखलातले कृमी, बारीक शिंपले, इवल्या कुर्ल्या हे त्यांचं अन्न. भरतीने चिखल बुडाला की खाणं बंद. मग ही सगळी मंडळी पाण्याच्या रेघेबरोबर मागे सरकत सरकत वरच्या कोरड्या वाळूवर येतात, वाऱ्याकडे तोंड करतात, एक पाय पोटाशी घेतात आणि चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपतात. भरती ही त्यांची रात्र. चोवीस तासांत अशा दोन छोट्या रात्री, आणि त्याही रोज पाऊण तासाने पुढे सरकणाऱ्या. हे एकदा मनात पक्कं बसलं की कधी जायचं, कुठे उभं राहायचं आणि किती जवळ जायचं, ही तिन्ही उत्तरं आपोआप मिळतात.

वेळेचा हिशेब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला भरती. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास, आणि दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं. हा ढोबळ हिशेब आहे, त्यात अर्धा तास इकडेतिकडे होतो. मुंबईकडे भरती जरा उशिरा लागते, मालवणाकडे लवकर. खाडीत आत पाच-सात किलोमीटरवर तीच भरती मुखापेक्षा उशिरा पोचते. तिथीचा क्षय किंवा वृद्धी असेल त्या दिवशी गणित आणखी हलतं. म्हणून दिवस निवडायला तिथी वापरावी आणि मिनिटं पक्की करायला जवळच्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघावा. भारतीय सर्वेक्षण विभाग असे तक्ते दर वर्षी काढतो आणि मोबाइलवरही ते सहज मिळतात.

आता यातले कामाचे दिवस कुठले? माझं मत ठाम आहे: एकादशी, द्वादशी, त्रयोदशी, दोन्ही पक्षांतल्या. डिसेंबर-जानेवारीत इथे सातच्या पुढेमागे उजाडतं. द्वादशीला नऊची भरती धरली तर उजाडताना पाणी चढत असतं, अजून दोन तास बाकी असतात आणि पाखरं खात खात आपल्या दिशेने येत असतात. आपण हलायचंच नाही. समुद्र त्यांना आणून सोडतो. पौर्णिमेला उधाण मोठं, त्या दिवशी पक्षीही जास्त दिसतील असं वाटतं, पण पहाटे पाचच्या सुमाराला ओहोटीची हद्द असते, पाखरं दूर गेलेली असतात, आणि ती जवळ येईपर्यंत अकरा वाजतात. तोवर वाळू तापलेली असते, हवा थरथरायला लागते आणि दुर्बिणीत प्रत्येक पक्षी पाण्यात धरल्यासारखा हलतो. दहानंतर किनाऱ्यावर बारीक ओळख पटवायच्या फंदात पडू नये. अष्टमी-नवमीला भांगाची भरती, पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही, पाखरं एका जागी गोळा होत नाहीत. दशमीला उजाडेपर्यंत जवळजवळ पूर्ण भरती झालेली असते. त्या दिवशी झोपलेला थवा लांबून बघावा आणि पाणी उतरायला लागल्यावर भुकेली पाखरं पहिल्या उघड्या चिखलावर कशी तुटून पडतात ते बघावं. तेही सुंदर असतं.

आपल्या किनाऱ्याचं एक मोठं भाग्य म्हणजे तो पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे बघताना ऊन पाठीशी असतं, पिसांचा रंग, पायांचा रंग, चोचीचं टोक, सगळं स्वच्छ दिसतं. संध्याकाळी तोच पक्षी नुसती काळी आकृती होतो. मावळतीच्या वेळी किनाऱ्यावर गर्दी करणाऱ्यांनी सूर्यास्त बघावा, चिखल्या ओळखायला बसू नये. खाडीत मात्र गणित वेगळं. आपल्या खाड्या साधारण पूर्व-पश्चिम वाहतात आणि थंडीत सूर्य दिवसभर दक्षिणेला कललेला असतो, म्हणून दक्षिण काठावर उभं राहून उत्तरेकडे बघावं.

जागा निवडताना वाळूवरच्या काड्याकुड्यांची, सुरूच्या काटक्यांची आणि शिंपल्यांची रेघ शोधावी. थंडीत उधाणाच्या दिवसांत रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा चढती असते, पावसाळ्यात नेमकं उलटं. त्यामुळे रात्रीच्या पाण्याने टाकलेली रेघ वर राहते आणि सकाळची भरती तिच्या खालीच थांबते. या दोहोंमधल्या पट्ट्यात पाखरं झोपतात. करड्या-तपकिरी पाठी त्या कचऱ्यात अशा मिसळून जातात की शंभर चिखल्यांचा थवा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि माणूस सरळ त्यावरून चालत जातो. म्हणून रेघेच्या बऱ्याच वर, सुरूच्या किंवा केवड्याच्या आडोशाला, पाणी चढायच्या आधीच जाऊन बसावं. उभ्या माणसापेक्षा बसलेला माणूस पाखरांना पुष्कळ कमी खुपतो. मातकट कपडे बरे. पांढरा शर्ट नको.

आंजर्ल्याला जोग नदीच्या मुखाशी, केळशीला भारजेच्या मुखाशी, रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीवर, असं जिथे जिथे नदी समुद्राला मिळते तिथे वाळू आणि चिखल दोन्ही शेजारी असतात आणि पाखरांचे प्रकारही वाढतात. निव्वळ लांबलचक पांढऱ्या पुळणीवर पाखरं कमी. खडपं असतील तिथे टर्नस्टोन, खडकांवरचा काळपट समुद्री बगळा आणि नशीब असेल तर काळा-पांढरा, लाल चोचीचा कालवफोड्या.

नवीन माणूस किनाऱ्यावर गोंधळतो, कारण थंडीत सगळ्यांनी साधे करडे कपडे घातलेले असतात. विणीचा लाल-तांबूस रंग तोवर त्यांनी उतरवलेला असतो. म्हणून रंगाच्या मागे लागू नये, आधी खाण्याची रीत बघावी. चिखल्यांचे डोळे मोठे, चोच आखूड. त्या डोळ्यांनी शिकार करतात: पाच-सहा पावलं तुरुतुरु, एकदम थांबा, मान तिरकी, एक टोच, पुन्हा पळ. तुतवार आणि टिलवे चोचीच्या स्पर्शावर चालतात, त्यामुळे ते मान खाली घालून चिखलात टोचत टोचत पुढे जातात, थांबायचं नाव नाही. लाटेचं पाणी मागे गेलं की त्यामागे धावणारी आणि लाट आली की उलटी पळणारी, सगळ्यांत पांढरी दिसणारी पाखरं सँडरलिंग. तिच्या पायाला मागचं बोट नसतं; हे जवळून दिसलं तर खूणगाठ पक्की.

चिखल्यांमध्ये दोन कायम फसवतात. मानेच्या मागे पूर्ण पांढरा पट्टा असेल तर केंटिश चिखल्या. पट्टा नसेल, मानेमागून पाठीपर्यंत एकच करडा रंग असेल तर सँड प्लोव्हर. पक्षी आपल्याकडे तोंड करून उभा असेल तर निर्णय घेऊ नये, तो वळेपर्यंत थांबावं. घाई इथेच नडते. सँड प्लोव्हरमध्ये पुन्हा धाकटा आणि थोरला. थोरल्याची चोच लांब आणि दणकट, पाय लांब, हिरवट-पिवळट. चोचीची लांबी मनातल्या मनात चोचीच्या मुळापासून मागे डोळ्यावर टाकून बघावी. डोळ्याच्या मागे गेली तर थोरला. ही पाखरं एका पायाने ओल्या चिखलावर भराभर थरथर करतात तेही बघण्यासारखं आहे. पाय इतका जलद हलतो की नुसती धूसर रेघ दिसते. मग चिखल किंचित ढिला होतो, खाली दडलेलं काही हलतं, आणि त्याच क्षणी टोच.

कुर्ली पकडलेला व्हिंब्रेल एकदा तरी निवांत बघावा. त्याची चोच खाली वळलेली, कर्ल्यूपेक्षा आखूड, डोक्यावर दोन गडद पट्टे. कुर्लीला तो नांगीच्या बाजूने धरत नाही. पाय धरून झटकतो, पाय तुटला की टाकतो, पुन्हा उचलतो, दुसरा पाय. नांग्या गळून पडल्या की उरलेलं पाठीचं कवच पाण्यात बुचकळून घेतो, चोचीच्या टोकावर तोलतो आणि मान वर करून गिळतो. गळ्यात ते खाली जाताना बाहेरून उंचवटा दिसतो. इवल्याशा घासासाठी इतकी खटपट. ही खटपट बघितली की भरतीच्या वेळची झोप त्यांना किती गरजेची आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

कुरवांचं, म्हणजे सीगलांचं, थोडं सोपं. हर्णैच्या बंदरात मासळीच्या वेळी किंवा नदीमुखाच्या वाळूवर बसलेले बहुतेक कुरव तपकिरी डोक्याचे किंवा काळ्या डोक्याचे असतात, आणि थंडीत दोघांचंही डोकं पांढरं असतं, फक्त कानाशी एक गडद ठिपका. बसलेला असताना डोळा बघावा: पूर्ण वाढलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट, काळ्या डोक्याच्याचा गडद. उडताना पंख बघावा: पहिल्याच्या पंखांची टोकं काळी आणि त्यात पांढरे ठिपके, दुसऱ्याच्या पंखाची पुढची कड पांढरी. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांवर वीण करतो आणि थंडीत आपल्या बोटींमागे फिरतो, हे मला दर वर्षी नव्याने नवल वाटतं.

आता जवळ जाण्याबद्दल. इथे मला कळकळीने लिहायचं आहे, कारण सगळ्यांत जास्त नुकसान फोटोच्या मोहाने आणि पुळणीवर भरधाव गाड्या पळवण्याने होतं. छोटा टिलवा वजनाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास, पाच-सहा छोटे चमचे साखरेएवढा. तो आर्क्टिकच्या काठावरून इथे आलेला असतो, इथे पिसं बदलतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जायच्या आधी त्याला अंगावर चरबी चढवायची असते. खायला फक्त ओहोटीचे तास. भरतीच्या वेळी झोपलेला थवा एकदा उठवला की तो समुद्रावर दोन-चार घिरट्या घालतो, त्यात जमवलेलं खर्च होतं, आणि ते भरून काढायला चिखल तर पाण्याखाली असतो. सकाळभरात पाच वेळा असं झालं की तो ती जागाच सोडतो. जवळची दुसरी कोरडी, शांत जागा उरलेली असतेच असं नाही.

अंतर मीटरमध्ये मोजण्यापेक्षा पाखरांकडे बघावं. चोची पाठीतून बाहेर आल्या, माना ताठ झाल्या की थांबायचं. दुसरा पाय खाली आला आणि पाखरं चालायला लागली म्हणजे आपण आधीच जास्त पुढे आलोय. हळूच मागे सरकायचं. उडाली म्हणजे चूक झाली. सरळ त्यांच्या रोखाने कधी जाऊ नये, तिरकं चालत, थांबत थांबत जावं. बरोबर कुत्रा असेल तर त्याला घरी ठेवून यावं. मिठागरांच्या आणि खाजणांच्या बांधांवरही हेच. खाडीतला चिखल बुडाल्यावर पाखरांना तेवढेच बांध उरतात.

भरती टळली, दहा वाजले, किनारा तापला की रानाकडे वळावं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळ रानाला द्यावी. उत्तर कोकणात दोन राखलेली रानं हाताशी आहेत: पनवेलजवळचं कर्नाळा, १९६८ पासून पक्षी अभयारण्य, आणि मुरूड-रोह्याच्या डोंगरातलं फणसाड, जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य. फणसाडात पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. थंडी सरत येते तसं पाणी आटतं, आणि गाणीपाशी शांत बसलेल्याला रान स्वतःहून भेटायला येतं.

रानात तिथीचा संबंध नाही, पण किनाऱ्याचा नियम तिथेही चालतो: फिरू नये, थांबावं. थंडीत रानातली पाखरं मिळून-मिसळून हिंडतात. अर्धा तास सगळं सामसूम, आणि मग एकदम पंधरा प्रकारची पाखरं डोक्यावरून पाच-दहा मिनिटांत निघून जातात. पुढे बहुधा भृंगराज कोतवालाचा आवाज असतो, कधी स्वतःचा, कधी नक्कल केलेला दुसऱ्याच पाखराचा. त्याच्याबरोबर निखार, सुभग, निळी माशीमार, सुतार, आणि हिमालयाकडून किंवा त्याच्याही पलीकडून आलेले हिरवट वटवटे. थव्यामागे पाचोळा वाजवत धावलं की तो वर शेंड्यांत जातो. सकाळचं ऊन शेंड्यांवर पडतं तेव्हा, साडेसात ते नऊ, हीच वेळ. खाली पाऊलवाटेवर एखादा धोबी शेपटी वर-खाली न करता अंगासकट डावी-उजवीकडे हलवताना दिसला तर तो रान धोबी. शेपटीच्या या चालीवरून तो लगेच कळतो. मोबाइलवर आवाज वाजवून पाखरं बोलवू नयेत; ती येतात ती भांडायला किंवा घाबरून येतात.

जानेवारी सरता सरता पांगारा आणि काटेसावर फुलतात. त्या काळात रान पालथं घालायची गरजच नाही. फुललेलं एक झाड गाठावं, सावलीत, खोडापासून थोडं लांब बसावं आणि दीड तास द्यावा. भोरड्यांचे गुलाबी-काळे थवे, हरेवा, शिंजीर, हळद्या, कोतवाल, सगळे एकाच झाडावर. पिकलेला वड किंवा उंबर असेल तर तांबट आणि हरियाल, आणि देवराईतला जुना वड असेल तर धनेशही.

साधनांबद्दल थोडक्यात. एकच दुर्बीण घ्यायची तर ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. रानातल्या कमी उजेडात तिच्यातून चांगलं दिसतं आणि हात थरथरला तरी चित्र फार हलत नाही. फक्त किनाऱ्यासाठी १०×४२ बरी. किनाऱ्यावर खरा फरक तिपाईवरच्या स्पॉटिंग स्कोपने, म्हणजे एका डोळ्याने बघायच्या मोठ्या दुर्बिणीने, पडतो; जवळ न जाता चोचीचं टोक दिसतं, आणि पाखरांना आपण असल्याचा त्रासही नाही. खारा वारा भिंगावर मिठाचे कण बसवतो. ते कोरड्या कापडाने पुसले की भिंगावर कायमच्या बारीक रेघा उठतात. आधी फुंकणीने हवा मारावी, मग मऊ ब्रशने झाडावं, मग किंचित ओलसर स्वच्छ कापड. पावसाळ्यात दुर्बीण कपाटात ठेवली तर बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी आणि जेलचा रंग बदलला की ते वाळवून घ्यावं.

पायात बंद, जाड तळव्याचे बूट हवेत. कालवांच्या कडा सुरीसारख्या कापतात आणि जखम लवकर भरत नाही. खाडीच्या चिखलात, तिवरांच्या वर आलेल्या मुळांमध्ये, माहीतगार माणसाशिवाय उतरू नये. पाय रुतलाच तर सरळ वर ओढू नये, तो आणखी आवळला जातो. टाच पुढे-मागे हलवून बाजूने हवा आत जाऊ द्यावी, मग पाय सुटतो. खडपांवर बसताना मागच्या वाटेवर पाणी कधी चढेल ते आधी बघून ठेवावं.

थवा मोजायची सवय लावावी. दहा पाखरं नीट मोजायची, त्यांनी अडवलेली जागा डोळ्यात धरायची आणि तेवढ्या तेवढ्या जागेची पावलं टाकत थव्याच्या टोकापर्यंत जायचं. तीन वेळा मोजावं आणि मधला आकडा लिहावा. आकड्याशेजारी जागा, वेळ आणि भरती चढती की उतरती हे लिहिलं नाही तर तो आकडा निम्मा वाया जातो. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून. त्यात कोकणातल्या छोट्या छोट्या नदीमुखांची नोंद जितकी जाईल तितकी हवीच आहे. पायात कडं किंवा रंगीत चिठ्ठी दिसली तर कुठला पाय, गुडघ्याच्या वर की खाली, रंग आणि अक्षरं लिहून घ्यावीत, जमलं तर फोटो काढावा आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावं. पाखराला पकडायचा विचारही करू नये.

फेब्रुवारीअखेर कुरवांच्या डोक्यावर डाग पडल्यासारखा तपकिरी रंग चढायला लागतो. मार्चमध्ये सँड प्लोव्हरच्या छातीवर विटकरी पट्टा उमटतो आणि इतके दिवस एकसारख्या वाटलेल्या पाखरांतले नर-माद्या वेगळे कळायला लागतात. एप्रिलमध्ये बहुतेक पुळणी रिकाम्या होतात. तरीही मेच्या उन्हात भरतीच्या रेघेपाशी दहा-पंधरा करड्या चिखल्या एका पायावर झोपलेल्या दिसल्या तर त्या मागे राहून गेल्या असं समजू नये. ती बहुतेक गेल्या वर्षीची पिल्लं असतात, अजून विणीला न आलेली. ती पावसाळा इथेच काढतात, आणि ऑगस्टच्या सुमाराला उत्तरेकडून पहिले थवे उतरतात तेव्हा त्याच वाळूवर, त्याच रेघेखाली त्यांच्यात मिसळून जातात.